खिळ्यावरची पोत

मेहकरला ज्या कापडदुकानात मी नोकरी करते, तिथे मागच्या गोडाऊनच्या भिंतीला खिळ्यांची एक ओळ आहे. हमाल त्यावर शर्ट टांगतात, बायका पिशव्या. त्यातल्या एका खिळ्यावर माझी काळ्या मण्यांची पोत असायची. सकाळी खिळ्यावरून नवरा काढून गळ्यात घालायचा आणि संध्याकाळी परत खिळ्याला लावून घरी जायचं, असा माझा संसार होता. कोणाला हसू आलं तर खुशाल हसा. मलाही पहिले काही दिवस यायचं.

माझा खरा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि तो खाली सापडला. मूलबाळ नव्हतं. जानेफळच्या घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि सासू. सासूही तरुणपणीच विधवा झालेली. तिचा चेहरा सुकलेला, बोलणं तुटक, आणि कपाळाच्या मधोमध लहानपणी गोंदून घेतलेला हिरवट ठिपका. जुन्या बायकांच्या कपाळावर असतो तसा.

दहाव्याला गल्लीतल्या बायका जमल्या. सगळ्यांत पुढे समोरच्या घरातली काकू. ही बाई कोणाच्याही दुःखात पहिली हजर असते आणि सगळ्यांत शेवटी जाते, कारण तिला काही चुकवायचं नसतं. तिनेच माझे हात पाटावर दाबून बांगड्या फोडल्या. तिनेच ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. पण माझ्या कपाळावर कुंकू नव्हतं, टिकली होती, आणि टिकली फडक्याने निघत नाही. मग काकूने ती नखाने खरवडून काढली. सासू शेजारी बसून बघत होती.

नवरा गेला याचं दुःख मला झालं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण टिकलीचा राग आला तो वेगळा. मी टिकली लावायला लागले तेव्हा तिसरीत होते. लोणारला आमच्या घरी भिंतीवर एक छोटा आरसा होता. त्याच्या काठावर माझ्या टिकल्या ओळीने चिकटवलेल्या असत. मोठी मरून, लहान मरून, आणि सणाला एक खड्याची. आई ओरडायची की आरसा माणसांसाठी आहे की टिकल्यांसाठी. तेव्हा हा नवरा कुठे होता? जी गोष्ट त्याने आणलीच नव्हती, ती त्याच्याबरोबर का जावी, हे मला कोणी सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर म्हणाले असते, दहावा झाला नाही तोच हिला नटायचं सुचतंय.

शेती चुलतदिराला बटईने, निम्म्या वाट्यावर दिली होती. त्यात दोघींचं भागत नव्हतं. वर्ष उलटल्यावर मी कामाला बाहेर पडायचं ठरवलं. सासू नको म्हणाली नाही. मेहकरच्या या दुकानात बायका हव्या आहेत असं कळलं आणि मी गेले. हे दुकान लग्नाच्या बस्त्यासाठी नावाजलेलं. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी: नवरीचा शालू, नवरदेवाचा ड्रेस, मानपानाच्या साड्या, टोप्या-टॉवेल, सगळं एका बैठकीत. दोन्हीकडची माणसं गाड्या भरून येतात आणि दिवसभर गादीवर बसून रुसतात.

मालकाला सगळे शेठ म्हणतात. त्याने मला विचारलं, शिक्षण किती, घडी घालता येते का, दिवसभर उभं राहणं जमेल का. मग दुकानाचा ड्रेसकोड सांगितला.

“साडी दुकानाची, मरून. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला टिकली, गळ्यात पोत. लग्नसराईत गजरा. गजऱ्याचा खर्च दुकानाचा.”

मी म्हटलं, “शेठ, माह्या घरचे नाहीत आता.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, तोही लवकर आवरला. “ते घरी. दुकानात पाय ठेवला की तुम्ही दुकानाच्या. लग्नाचं दुकान आहे ताई. मोकळ्या कपाळाची बाई शालू उलगडायला लागली तर माणसं उठून जातात. गिऱ्हाईक काय तुमच्या घरी येऊन पाहणार आहे?”

“कोनी ओळखीचं आलं तं?”

“आलं तर मी आहे ना,” तो म्हणाला.

हे शेवटचं वाक्य मी पुढे फार दिवस घोळवलं.

पोत दुकानाचीच होती. बांगड्या-टिकल्यांच्या कटलरी दुकानातून आणलेली, सोन्याचं पाणी दिलेल्या दोन वाट्या असलेली. ज्या बायका खरं मंगळसूत्र धंद्याच्या ठिकाणी घालायला घाबरत, त्यांच्यासाठी शेठने अशा पाच-सहा पोती आणून ठेवल्या होत्या. त्यातली एक माझी झाली. पहिल्या दिवशी गोडाऊनमधल्या तडकलेल्या आरशासमोर मी टिकली लावली आणि माझं तोंड मला परत दिसलं. खोटं का बोलू, बरं वाटलं. आणि दुसऱ्या क्षणाला अंगाचा तिळपापड झाला. जे माझंच होतं ते मला हुकमाने मिळत होतं, तेही गिऱ्हाईक पळू नये म्हणून. गावाने काढलं ते माझ्यासाठी नाही आणि शेठने लावलं तेही माझ्यासाठी नाही. कपाळ माझं, पण त्याचा भाव दुसरेच ठरवणार.

संध्याकाळी बांगड्या उतरवायच्या, टिकली काढून आरशाला चिकटवायची, पोत खिळ्याला लावायची आणि जानेफळची बस पकडायची. टिकलीच्या गोंदाचा डाग राहायचा. मी तो थुंकी लावून पुसायची.

माझ्या शेजारच्या खिळ्यावर एक बुरखा असायचा. तो मागच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईचा. ती मेहकरचीच, माझ्याहून थोडी मोठी. सकाळी बुरख्यात यायची, तो खिळ्याला टांगून मरून साडीत कामाला लागायची. बुरखा काढायला तिने कां-कूं केलं नाही. पण शेठने टिकली पुढे केली तेव्हा तिने सरळ सांगितलं होतं, “कपडे तुमचे घालीन शेठ, पन कपाय नाही देनार. जमत नसन तं आत्ताच सांगा, मी घरी जाते.” हिशेबात आणि मापात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून शेठने तिला काढलं नाही. नेऊन मागच्या काउंटरवर बसवलं. तिथे बस्त्याचं गिऱ्हाईक जात नाही. तिथे मांजरपाट मिळतं, मयताला लागणारं पांढरं कापड मिळतं, दुखवट्याला न्यायच्या साड्या आणि टोप्या-टॉवेल मिळतात. दुकानाला दोन दारं आहेत. लग्नाची माणसं पुढच्या दाराने येतात आणि मरणाची मागच्या. शेठ याचा फार अभिमान बाळगतो.

दुपारी डबा खाताना ती मला चिडवायची. “तू लावून रडतं, मी न लावून आंधारात बसली. दोघीयची मजाच हाये.”

“तुले निदान नाही तं म्हनता आलं,” मी म्हणायची.

“तुले कोनं अडवलं?”

असं म्हटलं की मला तिचाही राग यायचा. मला नाही म्हणायचंच नव्हतं. मला हो म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडाने. हे तिला समजावणं डब्याच्या वेळेत होण्यासारखं नव्हतं.

मग शेठने बस्त्याची पूजा काढली. पूर्वी बस्ता बांधून झाला की घरच्याच सवाष्णी गाठोड्याला हळदकुंकू लावून नारळ फोडायच्या. शेठच्या मुलाने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं आणि ठरवलं की हे आता दुकान करणार. शालू निवडून झाला की दुकानातली एक बाई नवरीच्या खांद्यावर तो नेसल्यासारखा लावणार, शालूच्या पदराला आणि नवरीच्या कपाळाला कुंकू लावणार, ओवाळणार. मुलगा त्याची रील काढणार. गिऱ्हाईक खूश, नवरी खूश, आणि दुकानाचं नाव फुकटात गावोगाव. या कामाला शेठने कोणाला निवडलं? मला. माझा चेहरा रीलमध्ये चांगला दिसतो म्हणे.

मी शेठला बाजूला घेऊन म्हटलं, “शेठ, हे नका सांगू मले. साडी दाखवनं येगळं, नवरीले कुंकू लावनं येगळं.”

“तुम्हाला वाटतं का अपशकुन होतो म्हणून?”

“मले नाही वाटत. लोकायले वाटते.”

“लोकांना माहीतच नाही तर वाटेल कशाला? आणि मी आहे ना.”

मी लावलं. एका लग्नसराईत किती नवरीमुलींना लावलं त्याची गणती नाही. त्यातली एकही माझ्या कुंकवाने मेली नाही आणि एकीचाही नवरा माझ्या हातून गेला नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी हे सांगितलं असतं. मुलगा रील काढताना माझे फक्त हात आणि नवरीचं तोंड घेई. तेवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

त्या दिवशीचं लग्न लोणारकडच्या मुलीचं होतं. मुलगी हसरी होती, सारखी माझ्याशी बोलत होती, कोणता रंग खुलेल, कोणता पदर जड होईल. मी पण खुलले होते. लोणारची म्हटल्यावर मी जरा जास्तच साड्या उलगडल्या. मुलाकडची गाडी मागे राहिली होती, रस्त्यात पंक्चर झालं होतं. मुलगा कुठला हे मी विचारलं नाही. शालू ठरला, केशरी काठाचा हिरवा. शेठ म्हणाला, मुहूर्त चांगला आहे, पूजा करून घेऊ, पाव्हणे येतील तोवर. मी मुलीच्या खांद्यावर शालू लावला, पदराला कुंकवाचं बोट टेकवलं. मग तिच्या कपाळाला लावायला हात उचलला, आणि दारातून आवाज आला.

“थांब वं! हात नको लावू तिले!”

जानेफळची, समोरच्या घरातली काकू. नवरदेव तिच्या नात्यातला निघाला. ती चपला काढायचं विसरून गादीवर चढली आणि तिने माझं मनगट धरलं. तेच मनगट, तोच हात. बांगड्या फोडताना धरला होता तसाच दाबून धरला.

“इचा नवरा मेला हाये! माह्या समोरची हाये हे! म्या सोता इच्या बांगड्या फोडल्या! आन् हे रांड हिरवा चुडा घालून नवरीले कुंकू लावून राह्यली!”

काकूमागून आलेल्या नवरदेवाच्या आईने तोंडावर पदर घेतला. त्या हसऱ्या मुलीने खांद्यावरचा शालू असा झटकला जसा त्यावर विंचू बसलाय. हे मला काकूच्या शिवीपेक्षा जास्त लागलं. दहा मिनिटांपूर्वी ती मला ताई म्हणत होती.

मी शेठकडे पाहिलं. मी आहे ना, असं म्हणणारा शेठ गल्ल्यावरून उठून येत होता. हात जोडलेले होते. ते काकूसाठी.

“काकू, आम्हाला काही कल्पना नव्हती. या बाईनं सांगितलंच नाही आम्हाला. नोकरीसाठी फसवलं हो आम्हाला.”

माझं तोंड एकदम सुटलं.

“शेठ, पोत तुमची, बांगड्या तुमच्या, खिळा तुमचा. माही फक्त मान हाये. काहाले खोटं बोलता? पयल्याच दिवशी सांगतलं नाही का म्या तुमाले?”

“आवाज खाली,” शेठ म्हणाला.

“आवाज पन तुमचाच हाये का?”

काकूला यात रस नव्हता. शेठने फसवलं की मी, तिला फक्त तमाशा चांगला व्हायला हवा होता. तिने माझं कपाळ धरलं आणि पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर, नखाने टिकली काढायला गेली. या वेळी मी तिचा हात झटकला. जोरात झटकला. ती गादीवर बसली. टिकली मी स्वतः काढली, पोत काढली, शेठच्या समोर ठेवली आणि गोडाऊनमध्ये जाऊन पोत्यांवर बसले. शेजारच्या खिळ्यावरचा बुरखा पंख्याने हलत होता. ती बाई आत आली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि परत आपल्या काउंटरवर गेली. त्या दिवशीचं तेवढंच माणसासारखं वागणं.

आतून मला सगळं ऐकू येत होतं. शालू बदलला. गाठोडं सोडून नव्याने बांधलं. दुकानात गोमूत्र शिंपडलं. पूजेला शेठने दुसरी बाई पुढे केली. तिचा नवरा दुसरी बायको करून पुण्याला पळून गेलेला. चार वर्षांत त्याने पोरांच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही, आणि हे दुकानात सगळ्यांना ठाऊक. पण तो जिवंत होता. त्यामुळे तिचं कुंकू चाललं. कोणीतरी म्हणालं, हां, आता बरं झालं. मी पोत्यांवर बसून हसले. वेड्यासारखी हसले.

माझ्या आधी बातमी जानेफळला पोचली. सासू ओट्यावर बसली होती. मी पाय धुतले, आत आले. तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली,

“दुकानात लावलं तं लावलं. गावातल्या मानसासमोर काऊन लावलं?”

मला कळेना. “तुमाले माहीत होतं?”

“रोज संध्याकायी तुह्या कपायावर गोंदाचा डाग राह्यते. मी काय आंधयी हाये?”

“मंग बोलल्या नाहीत काऊन?”

“पगार येत होता न,” ती म्हणाली. “आता गावात शोभा झाली. उद्यापासून साधी राह्य. नोकरी सोडू नको, पन साधी राह्य.”

काकूचा मला त्या रात्री एवढा राग आला नाही. काकू तरी उघड होती. ही बाई रोज संध्याकाळी माझ्या कपाळावरचा डाग बघत होती आणि भाजी वाढत होती. शेठला लग्नाच्या दुकानात टिकली हवी, हिला गावात नको, आणि दोघांनाही माझा पगार चालतो. मी जेवले नाही. तिने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. का गेले असं मला पुष्कळांनी विचारलं. न जाऊन खाणार काय होते? आणि शेठने काढलं तर काढू दे, पण मी तोंड लपवून पळाले असं त्याला म्हणता येऊ नये. शेठने काढलं नाही. माझ्या तोंडाला तो आता भीत होता. त्याने मला बोलावून फार गोड आवाजात नवा ड्रेसकोड सांगितला. पुढच्या काउंटरवरच्या बायकांची साडी मरूनच. मागच्या काउंटरवर बसणाऱ्यांची करड्या रंगाची. म्हणजे गिऱ्हाईकाला लांबूनच समजेल, कोणाचा गैरसमज होणार नाही.

“तुमच्याच सोयीसाठी आहे ताई,” तो म्हणाला.

अशी मी मागच्या काउंटरवर आले. बुरख्यावालीलाही मरून सोडून करडी नेसावी लागली, माझ्यामुळे. मी तिला म्हटलं, माझ्यापायी तुलाही ही राख अंगाला लागली. ती म्हणाली, “रंग त्याच्या बापाचा, आंग आपलं. सरक, कात्री दे.” एवढ्यावर तो विषय संपला.

मागच्या काउंटरवर कोणी रुसत नाही. माणसं येतात, हात लावून कापड बघत नाहीत, भाव करत नाहीत. काय लागतं तेही त्यांना धड सांगता येत नाही. कोण गेलं, बाई की बाप्या, एवढं विचारून आम्हीच काढून देतो. बाप्या असला तर पांढरं. बाई असली तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो मला पहिल्यांदा विचारावा लागला तेव्हा माझ्या हातातली कात्री थांबली: नवरा आहे का? कारण नवरा असला की मेलेल्या बाईला हिरवी साडी लागते, हिरव्या बांगड्या लागतात, हळदकुंकू लागतं. नवरीसारखी सजवून नेतात. बायका तिच्या पाया पडतात, भाग्याची गेली म्हणतात. ते सगळं सामान एका खणात तयार ठेवलेलं असतं, टिकल्यांच्या पाकिटांसकट.

एकदा सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या एक माणूस मागच्या दाराने आला. चाळिशीचा, डोळे सुजलेले. वहिनी गेली म्हणाला, दवाखान्यातून आत्ताच घरी आणली. भाऊ आहे, पण तो बोलायच्या स्थितीत नाही. मी हिरवी साडी काढली, बांगड्या काढल्या, कुंकवाची पुडी आणि टिकल्यांचं पाकीट ठेवलं. मोठ्या मरून टिकल्यांचं. त्याने पाकीट उघडलं, एक टिकली सोलून साडीच्या घडीवर चिकटवली आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं.

“एकच लागते,” तो म्हणाला. “बाकीच्या राहू द्या इथंच. घरात ठेवत नाहीत म्हनतात.”

तो गेला. पाकीट काउंटरवर पडून होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ती बाई आता जळणार होती. तिला टिकली दिसणार नव्हती, आरसा दिसणार नव्हता. तरी माणूस दवाखान्यातून धावत येऊन तिच्यासाठी टिकली नेतो, कारण तिचा नवरा श्वास घेतोय. आणि मी इथे स्वतः श्वास घेतेय. मढ्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा.

मी पाकिटातली एक टिकली सोलली आणि कपाळाला लावली. आरसा नव्हता. शेजारणीला विचारलं, मधोमध हाये का? तिने हातातलं माप खाली ठेवलं, माझी हनुवटी धरून बघितलं आणि म्हणाली, “थोडी डावीकडं.” तिने ती सरळ केली नाही. मी केली.

दुपारी शेठ मागे आला. “ताई, इकडच्या काउंटरला टिकलीची गरज नाही.”

“गरज नाही का बंदी हाये?”

“कोणी गिऱ्हाईकानं पाहिलं तर?”

“पाहू द्या. मयताचं कापड घ्याले आलेलं मानूस माह्यं कपाय पाहत नाही शेठ. आन् तुमाले चालत नसन तं बसवा इथं दुसऱ्या कोनाले.”

दुसरी कोणी बसणार नाही हे त्याला माहीत होतं. मरून साडीतल्या सगळ्या जणी मागच्या दाराकडे जायलाही भितात. त्याने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि पंखा साफ करायला सांगून निघून गेला.

संध्याकाळी मी साडी बदलली. पोत तर आता नव्हतीच, खिळा रिकामा होता. टिकली काढायला हात कपाळाकडे गेला आणि तसाच खाली आणला. पाकीट पर्समध्ये टाकलं. बसमध्ये गावच्या दोघी-तिघी होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं. मी पुढच्या सीटवर बसले. गल्लीत काकू दारातच उभी होती. तिने तोंड उघडलं, पण मी थांबले, तिच्या समोर उभी राहिले, आणि म्हटलं, “या, काढा.” ती आत गेली. दार लावलं.

सासू चुलीपाशी होती. तिने मान वर केली आणि तिची नजर माझ्या कपाळावर थांबली. आज डाग नव्हता, आख्खी टिकली होती.

“काढ ते,” ती म्हणाली.

“नाही काढत.”

“दोघी एका घरातल्या, दोघी रांडमुंड. मी राह्यलीच न आयुष्यभर? मले काय मेल्यासारखं नाही झालं? काढ.”

मी तिच्यासमोर खाली बसले. चुलीच्या उजेडात तिच्या कपाळावरचा तो हिरवट ठिपका स्पष्ट दिसत होता. नवरा गेला तेव्हा हिच्याही बांगड्या फुटल्या असतील, हिचंही कपाळ कोणीतरी दाबून पुसलं असेल. पण ते गोंदण कोणाच्या नखाने निघालं नव्हतं.

“तुमचं ते पुसा आंधी,” मी बोट दाखवून म्हटलं. “मंग मी काढते.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. मग पिठाचा हात तसाच उचलला, डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत खाली ओढला आणि तोंड फिरवून घेतलं. भाकरी मी उलटली.